मामूचा बर्फ

रेहाना, मी मामूला सांगितलं.

तू नको म्हणाली होतीस. मी हो म्हटलं नव्हतं. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या त्या खाटेवर तू भिंतीकडे तोंड केलंस आणि विषय तिथेच राहिला. आता लोक येऊन मला सांगतात, तुझी मैत्रीण किती शांतपणे गेली. मला ते पटत नाही. तू शांत नव्हतीस. तू कोंडली गेली होतीस आणि दाराची कडी आतून तूच लावली होतीस. मी बाहेरून धक्के मारत राहिले, इतकंच.

तुझ्यावर चार शब्द लिही असं मला साप्ताहिकाच्या संपादकांनी सांगितलंय. जन्म, शिक्षण, लहान मुलांच्या दवाखान्यातल्या लॅबमधली नोकरी, वगैरे. ते दुसरं कुणीतरी लिहील. तुझ्याशी माझं भांडण अर्धवट राहिलंय, मला ते पुरं करायचंय. तुझा जनाजा निघाला तेव्हा बायकांनी कब्रस्तानात जायचं नसतं म्हणून मी तुझ्या आईपाशी बसून राहिले. आमच्यातही बायकांना स्मशानात नेत नाहीत, तेव्हा त्यावरून भांडायलाही मला जागा नव्हती. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघ गो, एक दिवस तरी तुझं तोंड बंद झालं."

तू मला पत्रकवाली म्हणायचीस. शाळेत एका बाकावर बसायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात तू हे नाव पाडलंस, कारण माझ्या वह्यांना घातलेली कव्हरं म्हणजे बाबांच्या मोर्च्यांच्या उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू. आमच्या घरात गादीखाली पत्रकं, फळीवर पत्रकं, तांदळाच्या डब्याखाली ओल धरू नये म्हणून पत्रकं. मला ‘आंबा’ लिहिता येण्याआधी ‘निषेध’ लिहिता येत होता. तुमच्या घरी मात्र मी पहिल्यांदा आले ती जेवायलाच. तुझ्या आईने सांदणं वाढली. मी पुरे म्हणाले तर तिने आणखी दोन वाढली. मी खरंच नको म्हणाले तर वर दूधगूळही ओतला. "आमच्यात पहिल्या नकोला काय किंमत नसते," तू म्हणालीस. "दुसऱ्यालाही नाय." मी हसले होते. माझ्या लांज्याच्या आजोळीही तसंच होतं. आपल्याकडे नको म्हणजे संकोच. पाहुण्याने नको म्हणायचं आणि यजमानाने ते ऐकायचं नाही, दोघांचंही वागणं रीतीला धरून.

पुढचं सगळं या रीतीत अडकलंय, म्हणून ती आधी सांगितली.

ज्या वर्षी कोकण रेल्वे पुरती जोडली गेली त्याच सुमारास तू रत्नागिरीच्या त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये लागलीस. मेंदूज्वराची पोरं यायची. मान ताठ, डोळे उजेडाला घाबरलेले, आणि गावातल्या डॉक्टराने आधीच दोन-तीन इंजेक्शनं टोचलेली. आपले डॉक्टर पोराच्या पाठीच्या कण्यात सुई घालून थोडं पाणी काढायचे. ते साध्या पाण्यासारखं स्वच्छ आलं तर जीव भांड्यात पडायचा. पेजेच्या निवळीसारखं गढूळ आलं की तू गप्प व्हायचीस. त्या पाण्यातला जंतू वाढवून बघायचा, म्हणजे त्याचं नाव कळतं आणि तो कोणत्या औषधाला मरतो तेही कळतं. आपल्या लॅबमध्ये हे जमायचं नाही. त्या जंतूंना लागणारं खाद्य इथे मिळत नव्हतं आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नव्हता. म्हणून बाटली मुंबईला, तुझ्या जुन्या सरांच्या लॅबकडे पाठवायची. रेल्वेच्या पार्सलात टाकलेली पेटी कधी पोचेल ते सांगता यायचं नाही. एस.टी.त टाकली तर उतरवून घ्यायला कुणी नाही. मग तुला मामू आठवला.

अब्बास मामू, तुझ्या आईचा भाऊ. मिरकरवाड्याच्या बंदरातून त्याचा मासळीचा ट्रक दुपार कलली की मुंबईला निघायचा आणि तो स्वतः क्लीनरच्या सीटवर बसून जायचा. लॅब त्याच्या वाटेत नव्हती, पण त्याने ती वाटेत आणली. पैशाचं नाव काढलं तर तो तुझ्या आईकडे तक्रार घेऊन गेला.

पहिली बाटली दिली तेव्हा मी तिथे होते. जेट्टीवर सुरमई तोलली जात होती. तू म्हणालीस, "मामू, बर्फ नको हां त्यात. तशीच न्या, सावलीत."

"बरं बरं."

"नको म्हणजे खरंच नको."

"कळलं गो बाय. तू जा, उन्हात उभी राहू नको."

तुझं बोलणं मी या कानांनी ऐकलं आणि त्याचं बरं बरंही ऐकलं. आपण दोघीही इथल्याच, तरी आपल्या डोक्यात आलं नाही की मामूने काय ऐकलं असेल. त्याने ऐकलं ते असं: पोरगी भिडस्त आहे, मामाच्या धंद्याचा बर्फ आपल्या कामाला वापरायला संकोचते. आणि नाशवंत वस्तू बर्फाशिवाय मुंबईला न्यायची म्हणजे त्याच्या दृष्टीने अधर्मच. ट्रक वळणाआड गेला की तो पापलेटांवर घालायचा बर्फाचा चुरा ओंजळीने काढून तुझ्या बाटलीभोवती भरायचा. हायवेला लागताना हातखंब्याच्या नाक्यावर चहाला थांबला की वितळलेलं पाणी काढून नवा भरायचा. तुला ते कळू नये याचीही तो काळजी घ्यायचा, मुंबईच्या काउंटरवर बाटली पुसून तेवढीच द्यायचा, कारण उपकार बोलून दाखवायचे नसतात.

आणि ते जंतू थंडीत मरायचे. गोठायच्या कितीतरी आधी मरायचे. मुंबईहून एकामागून एक कोरे रिपोर्ट यायला लागले. मी म्हणायचे, "आजही उगवलं नाही?" तू म्हणायचीस, "उगवायला ते काय भात आहे?" पण तुझं हसू हळूहळू आटत गेलं.

मला तर खात्रीच होती की मुंबईत आपल्या बाटल्या कुणी उघडूनही बघत नाही. मी पत्रकाचा मथळासुद्धा तयार केला होता: ‘गरिबाच्या पोराचं पाणी गटारात’. तू तो वाचलास आणि विचारलंस, "पुरावा?"

"पुरावा मागणं ही त्यांची भाषा आहे."

"नाय गो. ती माझी भाषा आहे."

त्यानंतर सना आजारी पडली. मामूचा मुलगा आखातात, सून आणि नात मामूपाशी. चालायला लागून फार काळ झाला नव्हता तिला. तीन दिवस ताप, मग ती आचके द्यायला लागली. तू स्वतः ते पाणी बाटलीत घेतलंस. गढूळ होतं. मामूने त्या दिवशी ड्रायव्हरला मासळी पुरती भरूही दिली नाही, अर्ध्या ट्रकानिशी निघाला. पेटी मांडीवर घेऊन बसला. त्या दिवशी त्याने किती बर्फ भरला असेल याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

रिपोर्ट कोरा आला. जंतू नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी चालू होतं तेच औषध चालू ठेवलं. ताप हटेना तेव्हा बदललं. पोर वाचली. मामूने बंदरावर नारळ वाटले. मग एका दुपारी ट्रकवाल्याने तिच्या मागे हॉर्न वाजवला आणि ती वळली नाही. पुन्हा वाजवला. ती जमिनीवरचे शिंपले वेचत बसली होती, तशीच वेचत राहिली.

यानंतर तू मुंबईला गेलीस, काही महिन्यांसाठी. तुझे सर तिथे लहान मुलांसाठी एक नवी तपासणी बसवत होते. मला फोनवर ती समजेना तेव्हा तू बाबांचं पत्रकांच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाईल यंत्र मध्ये आणलंस. "जंतू मेला तरी त्याच्या अंगातला धागा उरतो. त्या धाग्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं. पण एकच धागा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मशीनमध्ये घालून त्याच्या प्रती काढायच्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार, करत करत लाखो. लाखो झाल्या की दिसतो. तुझ्या बाबांसारखं. एक पत्रक कुणी वाचत नाही, गावभर वाटलं की सगळ्यांना दिसतं." आणि हे सगळं सकाळी सुरू केलं की संध्याकाळच्या आत होतं. जंतू उगवायची वाट बघायला नको. गावच्या डॉक्टराने आधी इंजेक्शनं दिली असली तरी अडत नाही. मेलेल्याचंही नाव सांगते ही तपासणी, असं तू म्हणालीस तेव्हा तुझा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटला होता.

तो मोकळा आवाज मी नंतर ऐकला नाही.

कारण त्याच मुक्कामात एका सकाळी तू लॅबच्या काउंटरवर उभी असताना मामू पेटी घेऊन आला. रत्नागिरीच्या कुणा पोराची बाटली. तुला बघून त्याला कोण आनंद झाला. त्याने तुझ्यासमोर झाकण उघडलं. चुऱ्यात बाटली गळ्यापर्यंत बुडालेली.

"बघ," तो म्हणाला, "कशी ताजी आणली."

तू मला हे मांडवीच्या जेट्टीवर सांगितलंस, परत आल्यावर. भरती होती, पाणी दगडांवर आपटत होतं, आणि तू इतकं हळू बोलत होतीस की मला तुझ्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"मी विचारलं, मामू, नेहमी बर्फ घालता? तर म्हणाला, म्हणजे काय, सनाच्या वेळी तर दोनदा बदलला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बरं केलंत."

त्या बाटलीतलं पाणी तू दोन्हीकडे घातलंस. वाढवून बघितलं, काही वाढलं नाही. नव्या तपासणीत घातलं, तर जांभळ्या उजेडात नारिंगी पट्टी लख्ख उमटली. जंतू होता. बर्फाने तो मारला होता, पण त्याचं नाव पुसता आलं नव्हतं. पुरावा पुरावा करायचीस ना, तो असा आला. मुंबईवाल्यांनी बाटल्या फेकल्या नव्हत्या. माझा मथळा खोटा होता, आणि खरा मथळा आपल्यापैकी कुणाच्याच तोंडून निघेना.

मी म्हणाले, मामूला सांग. आजच सांग.

"काय सांगू? तुमच्या मायेने सनाचे कान नेले?"

"बर्फामुळेच गेले असं कुठे आहे?"

"नाय. बर्फ नसता तरी गेले असते कदाचित. बरोबर औषध पहिल्या दिवसापासून दिलं तरी जातात कधीकधी. कदाचित गेले असते, कदाचित नसते." मग तू म्हणालीस, "त्या कदाचितमध्ये मी राहते आता. त्यात मला मामूला घ्यायचं नाही. तिथे एकाचीच जागा आहे."

रेहाना, मी व्यवस्थेवर लिहीत आलेय. एका जिल्ह्याच्या पोरांच्या पाठीतलं पाणी पापलेटांच्या ट्रकातून न्यावं लागतं, ही ज्यांना लाज वाटायला हवी त्यांची नावं मी पत्रकात घालत आलेय. पण व्यवस्थेचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, म्हणून तिला शिव्या देणं सोपं जातं. इथे चेहरा होता. पांढरी दाढी, खारट हात आणि तुला बघून फुललेला. मला त्या दिवशी माझं सगळं वाचलेलं तोकडं पडलं आणि त्याचा राग मी तुझ्यावर काढला.

तू मामूला बदललं नाहीस. तू तपासणी बदललीस. सरांच्या मागे लागून रत्नागिरीच्या बाटल्या नव्या तपासणीला घ्यायला लावल्यास. तिला बर्फ चालत होता, उलट हवाच होता. बंदरावर जाऊन तू मामूला म्हणालीस, "मामू, आता बर्फ घालत जा बरं का." तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तेव्हाही घालत होतो, बाय." आणि दोघं हसलात. मी तिथे उभी होते. मला ते हसू सहन झालं नाही.

तरी कबूल करते, त्यानंतरची वर्षं चांगली गेली. लांज्याची ती दोन भावंडं आठवतात? मोठा तापाने फणफणलेला, आठवडाभर गावात इंजेक्शनं खाऊन आलेला. पूर्वी असतं तर कोरा रिपोर्ट आला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबचा फोन वाजला आणि नाव कळलं, एकाकडून दुसऱ्याला लागणाऱ्यातला जंतू. तू चप्पल न घालता वॉर्डात धावलीस. त्याच्या धाकट्या बहिणीला आणि घरातल्या सगळ्यांना त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. त्या पोरीला साधा तापही आला नाही. तिची आई तुला काजूगर घेऊन आली. तू नको म्हणालीस, तिने ऐकलं नाही.

पण मामूलाही ते कळलं, आणि तो बंदरभर सांगत सुटला, "आपल्या बर्फाची कमाल." तुला विचारलं, "काय गो, बरोबर ना?" तू हो म्हणालीस. दर वेळी हो म्हणालीस. प्रत्येक वाचलेल्या पोरामागे तुझं ते खोटं एक वीट वर चढत गेलं. बाहेर पडायचं दार उरलंच नाही.

आपलं भांडणही तिथेच फिरत राहिलं. नवी तपासणी जंतूचं नाव सांगते, पण तो कोणत्या औषधाला मरेल ते सांगत नाही. त्याला अजून जिवंत जंतूच लागतो. मी म्हणायचे, एक बाटली बर्फात जाऊ दे, एक उबेत. तू म्हणायचीस, दुसरी उबेत का, ते त्याला सांगावं लागेल. मी म्हणायचे, मग सांग. एका म्हाताऱ्याच्या मनाची किंमत उद्याचं एखादं पोर देईल. तू म्हणायचीस, सर म्हणतात लवकरच औषधाचंही या तपासणीत कळेल, तोवर निभावू. एकदा चिडून म्हणालीस, "तुला खरं सांगायचं असतं ते गर्दीला. गर्दी घरी जाते. मामू कुठे जाईल?"



मग तुला थकवा यायला लागला. तू आपल्याच रक्ताचा थेंब काचेवर घेतलास, सूक्ष्मदर्शकाखाली धरलास, आपला आजार ओळखलास आणि कुणाला काही न बोलता संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे रिपोर्ट पुरे केलेस. तुझ्या बाटल्या बंदरावर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. मामू रोज विचारायचा, कशी हाय? मी म्हणायचे, बरी आहे. बघ, किती पटकन शिकले मी तुझी भाषा.

आता तू गेल्यानंतरचं सांगते. तू रिपोर्ट आधी विचारतेस, म्हणून शेवट आधी: जंतू वाढला. औषध बदललं. पोर उठून बसलंय, कालपासून पेज मागतंय. हाक मारली की वळतंय.

लांज्याकडचाच मुलगा, चार वर्षांचा. नाव नव्या तपासणीने लगेच सांगितलं, पण ताप हटेना. डॉक्टर मला म्हणाले, "हा जंतू आपल्या औषधाला दाद देत नाही. पुन्हा पाणी काढलंय. मला आता जिवंत जंतू हवा. एक बाटली उबेत पोचायला पाहिजे, अंगाच्या उबेत. रेहाना असती तर काय केलं असतं, माहीत नाही." मला माहीत होतं, तू मामूला सांगितलं नसतंस. पण तू नव्हतीस आणि पोर होतं.

दोन बाटल्या घेऊन बंदरावर गेले. मे महिन्याची दुपार, ट्रक भरून तयार. सना बॉनेटला तळवा लावून उभी होती. तिला इंजिनाची थरथर आवडते, तू बघितलंयस. मामू तिच्याशी हातांनी बोलत होता. त्यांनी मासळीसाठी खुणा बनवल्यात. पापलेट म्हणजे उघडा पंजा, सुरमई म्हणजे लांब केलेलं बोट. बर्फ म्हणजे दोन्ही मुठी गालांना लावून शहारणं. त्याने मला बघून तीच खूण केली आणि पेटी पुढे केली.

मी एक बाटली पेटीत ठेवली. दुसरी हातात धरली. "मामू, ही बर्फात घालू नका. ही तुमच्या बंडीच्या खिशात ठेवा, अंगाशी."

"का?"

रेहानाने सांगून ठेवलंय, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. वाक्य जिभेवर होतं. तुझं नाव ऐकून त्याने ती बाटली खिशात घातली असती. आणि हातखंब्याला चहा पिताना त्याच्या मनात आलं असतं, केवढा हा उकाडा, पोरगी गेली बिचारी, तिचं काम नासायला नको. मग त्याने ती हळूच बर्फात ठेवली असती. मी त्याला ओळखते. मी आपल्या सगळ्यांना ओळखते. नुसता नको आपल्याकडे हातखंब्यापर्यंतही टिकत नाही. त्याच्याबरोबर कारण द्यावं लागतं.

म्हणून मी कारण दिलं. "यातला जंतू जिवंत पोचायला हवा. थंडीत तो मरतो."

"मरतो?"

"हो."

मामूने पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आणि आधीच्या बाटल्या?"

"नवी तपासणी आल्यापासून मेलेला चालत होता."

"त्याच्या आधीच्या विचारतोय मी."

माझी नजर सनाकडे गेली. त्याचीही गेली. त्यानेच विचारलं, "सनाची?"

"तीही बर्फात होती, मामू."

मग मी तेच केलं जे मला येतं. म्हणाले, चूक तुमची नाही, एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एक धड लॅब नाही, पोरांचं पाणी ट्रकातून न्यावं लागतं, ज्यांनी ही सोय करायची ते...

"ते भाषण नंतर दे," मामू म्हणाला. "बर्फ मीच घातला ना?"

"तुम्हीच."

"तिने नको म्हटलेलं."

"हो."

"मना वाटलं, पोर संकोचते."

"ठाऊक आहे."

"बर्फ नसता तर हिला ऐकू आलं असतं?"

"माहीत नाही. रेहानालाही माहीत नव्हतं. ती म्हणायची, कदाचित."

तुझं नाव मी काढायला नको होतं. त्याने मान वर केली. "म्हणजे तिला ठाऊक होतं."

"मुंबईला तुम्ही तिच्यासमोर पेटी उघडलीत, त्या सकाळपासून."

तो मासळीच्या रिकाम्या क्रेटवर बसला. सना जवळ आली, त्याच्या दाढीला हात लावून तिने खूण केली, काय झालं? त्याने तिचा हात धरून ठेवला. मग तो बोलला, पण माझ्याशी नाही. "आणि तरी माझ्याच हाती देत ऱ्हायली," तो म्हणाला. "सगळ्या बाटल्या. माझ्याच हाती."

रेहाना, तू त्याच्यापासून एक गोष्ट लपवलीस म्हणून मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले. त्याला मात्र त्यातली वेगळीच बाजू दिसली. मला ती कधी दिसली नव्हती. तुझं बरोबर होतं की माझं, ते मला अजून ठरवता येत नाही. तू म्हणायचीस त्या जागेत, त्या कदाचितमध्ये, मी त्याला नेऊन सोडलंय. मीही तिथेच आहे. तुझी जागा अजून उबदार आहे आणि आम्हां दोघांना ती पुरत नाही.

मामू उठला. त्याने हात पुसले, लुंगीला नाही, गळ्यातल्या स्वच्छ पंच्याला. बाटली घेतली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून शर्टाची बटणं लावली, गळ्यापर्यंत. सनाला तिच्या आईकडे पाठवलं. मी विचारलं, हातखंब्यापर्यंत बरोबर येऊ? तो नको म्हणाला. मी चढले.

ट्रक रत्नागिरीतून वर निघाला. केबिन भट्टीसारखी तापली होती. चढ संपून वारा सुटला तेव्हा मामूने आपल्या बाजूची काच वर करून घेतली. मग ड्रायव्हरला त्याची काच लावायला सांगितली.

"मामू, घुसमटायला होतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"घुसमटू दे," मामू म्हणाला, आणि छातीवर तळवा ठेवला. "वारा लागेल त्याला."